काकांच्या डीमॅट खात्यात वर्षभर घुसळण झाली त्यावरून: ब्रोकरचं चर्निंग कसं पकडायचं आणि पैसे कसे मागायचे

रविवारी सकाळी काका स्वतःच इंदूरच्या सुदामा नगरला आमच्याकडे आले, हातात एक प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत तीन वर्षांचे प्रिंटआउट, कारण काकांना ईमेल वाचता येतो पण विश्वास कागदावरच. म्हणाले, बघ गं जरा, चौदा लाखाचे शेअर होते माझे, आता दहाचे दिसतायत, आणि तो मुलगा म्हणतो बाजारच खराब आहे बाबूजी. मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, शेअर मार्केटची तज्ज्ञ वगैरे नाही, पण लेजर वाचता येतं. दुपारपर्यंत मला कळलं की बाजाराचा दोष त्यात निम्म्याहूनही कमी होता.

काका वीज मंडळातून रिटायर झालेले, रामबागेत राहतात, आयुष्यात कधी महिन्याला दोनपेक्षा जास्त शेअर घेतले-विकले नाहीत. एम.जी. रोडवरच्या एका ब्रोकरच्या एपीकडे, म्हणजे ऑथोराइज्ड पर्सनकडे, खातं होतं. तिथला मुलगा रोज फोन करायचा, घरी यायचा, काकूंच्या हातचा चहा प्यायचा. आणि खात्यात वर्षभरात २१२ ट्रेड. हेच चर्निंग. म्हणजे गिऱ्हाईकाचं भलं व्हावं म्हणून नाही, ब्रोकरेज सुटावं म्हणून खात्यात सतत घ्या-विका करत राहणं. काकूंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, म्हणजे लोणी त्याचं, ताक आपलं.

खाली मी जे जे केलं ते क्रमानं लिहिते, जिथे चुकले तेही, म्हणजे तुमच्या घरात असं काही असेल तर दोन आठवडे वाचतील.

आधी नुकसान विसरा, खर्च मोजा

सगळ्यांची चूक हीच होते की तक्रारीत पहिलं वाक्य "माझे चार लाख बुडाले" असं लिहितात. शेअर पडले हा काही ब्रोकरचा गुन्हा नाही, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं की मार्केट रिस्क तुम्ही सही करून मान्य केलीय. चर्निंगमध्ये मुद्दा वेगळा असतो, ट्रेड किती झाले आणि त्यातून कोणाच्या खिशात काय गेलं. फायदा झालेल्या खात्यातही चर्निंग असू शकतं, बाजार तेजीत असला की कोणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

एक नमुना दाखवते, काकांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमधलाच, म्हणजे ब्रोकर ट्रेडची जी पावती देतो त्यातला. सोमवारी एका कंपनीचे २०० शेअर ६१२ रुपयांनी घेतले, बुधवारी ६१४ नं विकले. मुलाचा लगेच फोन, बाबूजी चारशेचा प्रॉफिट काढून दिला. आता हिशोब बघा. घेतले १,२२,४०० चे, विकले १,२२,८०० चे. ब्रोकरेज अर्धा टक्का, दोन्ही बाजूंनी, म्हणजे ६१२ अधिक ६१४, झाले १,२२६. त्यावर १८ टक्के जीएसटी, २२१. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर, डिलिव्हरीवर दोन्हीकडे ०.१ टक्का, २४५. स्टॅम्प ड्युटी १८. एकूण १,७१०, आणि विकल्यावर डीपीचा, म्हणजे डीमॅट खातं सांभाळणाऱ्याचा, चार्ज लागतो तो धरलाच नाही. चारशे मिळवायला सतराशे दिले. काका त्या दिवशी खूष होऊन सराफ्यातून जिलेबी घेऊन आले होते म्हणे.

आता अख्ख्या खात्याचा हिशोब कसा काढायचा ते. ब्रोकरच्या ॲपमधून किंवा बॅक ऑफिसच्या लॉगिनमधून चार गोष्टी काढायच्या: आर्थिक वर्षाचं लेजर, सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स, ट्रेडनिहाय पी अँड एल म्हणजे नफा-तोटा, आणि डीमॅटचं ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट. शेवटचं ब्रोकरकडून न घेता जिथे शेअर ठेवलेले असतात त्या डिपॉझिटरीच्या वेबसाइटवरून, म्हणजे थेट सीडीएसएलच्या ईझी किंवा एनएसडीएलच्या आयडियाज मधून काढा, म्हणजे दोन्ही कागद जुळतात का ते बघता येतं. एक्सेलमध्ये टाका, एक्सेल येत नसेल तर शाळेच्या वहीत करा, चालतं.

मग दोन आकडे काढा. पहिला, वर्षभरात एकूण खरेदी किती रुपयांची झाली भागिले खात्यात सरासरी किती पैसा होता. सरासरीसाठी दर महिनाअखेरची किंमत घ्या, बारा आकड्यांची बेरीज, भागिले बारा. काकांची खरेदी १ कोटी ६८ लाख, सरासरी १२ लाख, म्हणजे १४. एका वर्षात अख्खं खातं चौदा वेळा उलटंपालटं झालं, तेही एका पेन्शनर माणसाचं. दुसरा आकडा, एकूण खर्च भागिले तीच सरासरी. काकांचं ब्रोकरेज १,६९,०००, जीएसटी ३०,४२०, एसटीटी ३३,८०० आणि किरकोळ धरून २ लाख ३७ हजार. बारा लाखावर पावणेवीस टक्के. म्हणजे काकांना शून्य फायदा व्हायलासुद्धा शेअर वर्षात जवळजवळ वीस टक्के वर जायला हवे होते. हे वाक्य तक्रारीत जसंच्या तसं टाका, ऐकणाऱ्याला चटकन समजतं.

अमेरिकेत या दोन आकड्यांना ठोकताळा आहे, तिथे खातं वर्षात सहापेक्षा जास्त वेळा फिरलं किंवा खर्च वीस टक्क्यांवर गेला की चर्निंगचा संशय धरतात. आपल्याकडे नियमात असा ठरलेला आकडा नाही, त्यामुळे "सहाच्या वर गेलं म्हणून गुन्हा" असं लिहू नका, पण आकडे द्या नक्की, सोबत तुमचं वय, उत्पन्न, आणि आधीच्या तीन वर्षांत तुम्ही किती ट्रेड करत होता ते. काकांचे आधीच्या वर्षी ९ ट्रेड होते. नऊ आणि दोनशे बारा, बाजूबाजूला लिहिलं की फार बोलावं लागत नाही.

एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, असेल तर खरेदीची रक्कम धरून हा हिशोब बरोबर बसत नाही, तिथे सरळ लॉट किती, ब्रोकरेज किती, हे महिन्यावार मांडा. आणि कोणी म्हणालं की ऑप्शनमध्ये सगळे कमावतायत तर सेबीचाच, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, सप्टेंबर २०२४ चा अभ्यास दाखवा, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये एफ अँड ओ करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, सरासरी माणशी दोन लाख.

दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची खिचडी करू नका

हे मला उशिरा कळलं म्हणून ठासून लिहिते. एक असतं अनऑथराइज्ड ट्रेडिंग, तुम्ही सांगितलंच नाही आणि त्यांनी ट्रेड मारला. दुसरं चर्निंग, तुम्ही "बरं" म्हणालात पण तुम्हाला त्या वाटेला लावलं तेच ब्रोकरेजसाठी. बहुतेक खात्यात दोन्ही मिसळलेलं असतं, काकांच्यातही होतं.

पहिली तक्रार लढवायला सोपी, कारण सेबीचं २२ मार्च २०१८ चं सर्क्युलर आहे. त्यात स्पष्ट आहे की ब्रोकरनं आधी ऑर्डरचा पुरावा ठेवायचा आणि मगच ट्रेड करायचा. पुरावा म्हणजे सही केलेला कागद, फोनचं रेकॉर्डिंग, तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवरून आलेली मेल, ॲपवरून टाकलेल्या ऑर्डरचा लॉग, एसएमएसची नोंद, किंवा कायद्यात टिकेल असं दुसरं काही. फोनवर ऑर्डर घेत असतील तर रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. आणि भांडण झालं तर सिद्ध करायची जबाबदारी ब्रोकरची, तुमची नाही. लोकांना हे माहीतच नसतं, "आता मी कसं सिद्ध करू" म्हणून घरीच बसतात.

यात एक खाच आहे. पुरावा ट्रेडच्या आधीचा हवा. हे लोक संध्याकाळी फोन करतात, बाबूजी आज हे हे घेतलं, कन्फर्म आहे ना, हो बोला, आणि काका हो म्हणतात, झालं रेकॉर्डिंग. ते ऑर्डरचं रेकॉर्डिंग नाही, झालेल्या गोष्टीची पावती आहे. रेकॉर्डिंग मिळालं की आधी वेळ बघा. कॉन्ट्रॅक्ट नोटवर प्रत्येक ऑर्डरची आणि ट्रेडची वेळ छापलेली असते, फोन त्याच्या आधीचा की नंतरचा हे दोन मिनिटांत कळतं. काकांच्या २१२ ट्रेडपैकी ब्रोकरनं रेकॉर्डिंग दिलं ३८ चं, आणि त्यातलेही २३ फोन बाजार बंद झाल्यावरचे.

दुसरी तक्रार, म्हणजे खरं चर्निंग, तिथे आधार आहे सेबीच्या २००३ च्या फसवणूक आणि अनुचित व्यवहार रोखणाऱ्या नियमांचा, त्यात स्वतःचं ब्रोकरेज किंवा कमिशन वाढवण्यासाठी गिऱ्हाईकाला फसवून व्यवहार करायला लावणं हा अनुचित व्यवहार धरलाय. ब्रोकरांच्या आचारसंहितेतही हेच आहे. कायद्यात अशा व्यवहारांना दंड किमान पाच लाख, आणि वर पंचवीस कोटी किंवा मिळवलेल्या नफ्याच्या तिप्पट यातलं जे जास्त ते. पण तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात येत नाही. सेबी शिक्षा करते, तुमचे पैसे परत मिळवायचा रस्ता वेगळा, तो पुढे सांगते.

ब्रोकरेजचा कमाल दरही बघून घ्या, कॅशमध्ये २.५ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. काकांचा अर्धा टक्का नियमात बसत होता, त्यामुळे दरावरून आम्ही भांडलो नाही, भांडलो ते संख्येवरून.

तक्रारीआधी खात्याला कुलूप

आम्ही इथे आठ दिवस घालवले आणि त्या आठ दिवसांत अजून अकरा ट्रेड झाले, म्हणून तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. ब्रोकरला मेल टाका की आजपासून माझ्या लेखी सूचनेशिवाय एकही ट्रेड करायचा नाही. ऑनलाइन खातं असेल तर जुलै २०२४ पासून ब्रोकरला व्हॉलंटरी फ्रीझची सोय द्यावी लागते, ती वापरा. डीमॅटमधून शेअर बाहेर जाऊ नयेत म्हणून डीपीकडे डेबिट फ्रीझ करता येतं. पासवर्ड बदला, टी-पिन म्हणजे शेअर विकताना लागणारा डीमॅटचा पिन, तोही बदला.

मग प्रोफाइल उघडून नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल बघा. काकांचा मोबाइल बरोबर होता पण ईमेल होता कुठलातरी भलताच, त्या मुलानं खातं उघडताना टाकलेला, म्हणून कॉन्ट्रॅक्ट नोट्स काकांना येतच नव्हत्या, त्यांना कधीतरी मागितल्यावर प्रिंट मिळायची. नियमानं कॉन्ट्रॅक्ट नोट ट्रेडपासून चोवीस तासांत गिऱ्हाईकाला गेली पाहिजे. भलत्या पत्त्यावर गेली तर ती गेली असं कसं म्हणणार. हा मुद्दा आमच्या केसमध्ये सगळ्यात जड पडला.

केवायसी फॉर्मची कॉपी मागा, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात उत्पन्न आणि अनुभव काय लिहिलंय बघा. काकांच्या फॉर्मवर वार्षिक उत्पन्न दहा लाखांच्या वर आणि ट्रेडिंगचा अनुभव दहा वर्षं असं टिक केलेलं होतं. पेन्शन आहे पाच लाखांच्या आत. अक्षर काकांचं नाही.

पीओए दिलेली आहे का ते पण बघा. जुन्या खात्यांत पॉवर ऑफ ॲटर्नी असते, २०२२ नंतर त्याच्या जागी डीडीपीआय नावाचं मर्यादित अधिकारपत्र आलं. दोन्ही मुख्यतः शेअर डिलिव्हरीला आणि प्लेजला म्हणजे गहाण द्यायला असतं, तुमच्या वतीनं घ्यायचं काय विकायचं काय ते ठरवायचा अधिकार त्यातून मिळत नाही. एपीवाले हमखास म्हणतात की पीओए आहे ना, आम्ही करू शकतो. नाही करू शकत. तसंच "महिन्याला दोन टक्के पक्के देतो, खातं आम्ही सांभाळतो" असं बोलायलाही ब्रोकरला बंदी आहे, आणि अशा खात्रीच्या परताव्यावर तुम्ही विसंबला असाल तर एक्स्चेंजच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडूनही काही मिळायची आशा धरू नका. तो निधी तसाही ब्रोकर डिफॉल्टर जाहीर झाला तरच कामाला येतो.

ओटीपीचं बोलायचं राहिलं. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड त्या मुलाला फोनवर सांगत होता का? काका सांगत होते, प्लेजचा ओटीपी सुद्धा, "तो आपलाच मुलगा आहे गं". असं असेल तर लपवू नका, कारण लॉगमध्ये ऑर्डर तुमच्या लॉगिनमधून दिसणार आणि ब्रोकर पहिल्याच सुनावणीत ते काढणार. त्याऐवजी लॉगचे आयपी ॲड्रेस मागा, म्हणजे ऑर्डर कोणत्या इंटरनेट जोडणीवरून गेली ते कळतं. काकांकडे लॅपटॉप नाही, मोबाइलवर ते फक्त व्हॉट्सॲप बघतात, आणि ऑर्डर गेल्या होत्या कॉम्प्युटरवरून, सकाळी सव्वानऊला, तेव्हा काका नेहरू पार्कमध्ये फिरायला असतात. तरीही खरं सांगते, पासवर्ड दिला की केस कमजोर होते.

तक्रार कोणाकडे, कोणत्या क्रमानं

पहिली ब्रोकरकडे, एपीकडे नाही. एपीशी बोलून उपयोग नाही, तो चहा पाजेल, डोळ्यांत पाणी आणेल, माझी नोकरी जाईल म्हणेल. एपीच्या सगळ्या कारभाराची जबाबदारी कायद्यानं ब्रोकरची असते. कॉन्ट्रॅक्ट नोटवर कंप्लायन्स ऑफिसरचं नाव आणि तक्रारीचा ईमेल छापलेला असतो, तिथे मेल करा. मेल छोटी ठेवा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे ट्रेड, त्या सगळ्या ट्रेडचे ऑर्डरआधीचे पुरावे द्या, केवायसी द्या, आयपी लॉग द्या, आणि अमुक रक्कम परत करा. शिव्या नकोत, आयुष्याची कहाणी नको. मी पहिल्या मेलमध्ये काकूंच्या चहाबद्दल पण लिहिलं होतं, मग काढलं.

फोनवर कोणी समेटाचं बोललं तर म्हणायचं, मेलवर लिहा. आणि ते "खात्यातले सर्व व्यवहार मला मान्य आहेत" असं छापील पत्र सहीला आणतील, चांगल्या माणसासारखे घरी येऊन, काहीतरी फॉर्मॅलिटी आहे म्हणून. सही करू नका. काकांनी असं एक पत्र मागच्या मार्चमध्ये केलेलं निघालंच.

उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं तर स्कोअर्सवर जा. सेबीचं तक्रारीचं पोर्टल, २०११ पासून आहे, १ एप्रिल २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती चालू झाली. पॅन टाकून रजिस्टर व्हायचं, ब्रोकर निवडायचा, तक्रार लिहायची, कागद जोडायचे. ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पटलं नाही तर पंधरा दिवसांच्या आत रिव्ह्यू मागायचा, तो आधी एक्स्चेंजसारखी नेमलेली संस्था बघते, तिथेही नाही पटलं तर अजून पंधरा दिवसांत दुसरा रिव्ह्यू, तो सेबी स्वतः बघते. ही पंधरा दिवसांची मुदत लोक हुकवतात आणि तक्रार बंद पडते, कॅलेंडरवर लाल पेननं लिहा. आणि मुख्य म्हणजे घटनेपासून एका वर्षाच्या आत स्कोअर्सवर यायला हवं. आधी ही मुदत तीन वर्षं होती, अजून बरेच लोक त्याच भरवशावर असतात.

काही अडलं तर सेबीचा टोल फ्री नंबर १८०० २६६ ७५७५ किंवा १८०० २२ ७५७५, मराठीत बोलता येतं, मी बोलले.

आता पैसे मिळण्याचा खरा रस्ता, स्मार्ट ओडीआर, म्हणजे वाद ऑनलाइन मिटवायचं पोर्टल. सेबीच्या ३१ जुलै २०२३ च्या सर्क्युलरनं हे आलं, सगळं ऑनलाइन, व्हिडिओ कॉलवर. इंदूरहून मुंबईला खेटे घालायची गरज नाही, आणि आपल्या इथलं मध्य प्रदेश स्टॉक एक्स्चेंज तर २०१५ सालीच बंद झालं, त्यामुळे जुने लोक "एक्स्चेंजमध्ये जाऊन भेटतो" म्हणतात ते कुठे जाणार देव जाणे. एक लक्षात ठेवा, स्कोअर्सवर तक्रार चालू असताना, किंवा तोच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात असताना ओडीआर सुरू करता येत नाही. एकाच वेळी चार दारं ठोठावू नका.

ओडीआरमध्ये आधी कन्सिलिएशन होतं, मध्यस्थ दोन्ही बाजू ऐकून तडजोडीचा प्रयत्न करतो, २१ दिवसांत, दोघांना मान्य असेल तर अजून दहा दिवस. याची फी गुंतवणूकदाराला नसते. तिथे जमलं नाही तर आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाकडे निकाल, त्याला दाव्याच्या रकमेप्रमाणे फी लागते. दावा एक लाखाच्या आत असेल तर साधारणपणे फक्त कागदांवर निकाल होतो. निकाल कोर्टानं दिल्यासारखाच बांधील असतो, त्याला आव्हान १९९६ च्या आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांत द्यायचं, आणि तिथे पुरावे पुन्हा तपासून मिळत नाहीत, म्हणून सगळे कागद आर्बिट्रेटरसमोरच यायला हवेत.

वकील लागतो का? आम्ही केला नाही. दावा मोठा असेल, समजा पंचवीस-तीस लाखांचा, तर करा.

ग्राहक आयोगाचा सल्ला सगळे देतात, तिथे ब्रोकर पहिला आक्षेप घेतो की शेअरचे व्यवहार धंद्यासाठी होते, तुम्ही ग्राहकच नाही, आणि वर्ष त्यातच जातं. पोलिसात जायचं ते सही खोटी असेल, शेअर परस्पर दुसऱ्या खात्यात गेले असतील, एपीनं स्वतःच्या नावावर पैसे घेतले असतील तेव्हा. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन.

इंदूरकरांसाठी एक वेगळं. आपलं शहर टिप्सवाल्यांसाठी बदनाम आहे, विजयनगरात बसून देशभर फोन लावणाऱ्या कितीतरी सल्लागार कंपन्यांवर सेबीच्या ऑर्डर निघाल्यात. तुमच्याकडून फी घेणारा सल्लागार आणि ट्रेड करणारा ब्रोकर वेगळे असतील तर तक्रारीही दोन. सल्लागार सेबीकडे रजिस्टर असेल तर स्कोअर्सवर नाव सापडेल, नसेल तर तो मुळातच बेकायदेशीर, मग पोलीसच.

दाव्याचा कागद कसा केला

हे सविस्तर लिहिते कारण सगळी मदार यावरच होती. मी २१२ ट्रेडची एक यादी केली आणि तीन रंग दिले. लाल म्हणजे काहीच पुरावा नाही, पिवळा म्हणजे नंतरचा फोन, हिरवा म्हणजे आधीचा खरा फोन. लाल १७४, पिवळे २३, हिरवे १५. हिरव्यांवर आम्ही काहीच मागितलं नाही. काका चिडले, म्हणाले त्यात पण बुडालेत ना. मी म्हटलं काका, पंधरा सोडले की बाकीच्या एकशे सत्त्याण्णवमध्ये आपण खोटं बोलत नाही हे दिसतं.

लाल आणि पिवळ्यांसाठी दोन रकमा मागितल्या, त्या ट्रेडचा निव्वळ तोटा आणि त्यावरचं ब्रोकरेज अधिक जीएसटी. ज्या ट्रेडमध्ये फायदा झाला तो वजा केला, न सांगता केलेला फायदा ठेवायचा आणि तोटा तेवढा परत मागायचा असं चालत नाही, समोरचा लगेच पकडतो. तोटा काढताना खर्च आधीच धरलेला असेल तर ब्रोकरेज दोनदा मागू नका, माझ्याकडून ही चूक झाली आणि ब्रोकरच्या वकिलानं ती दाखवली तेव्हा मला मान खाली घालावी लागली.

सोबत एक पानाचं निवेदन, चौदा पट आणि पावणेवीस टक्के हे दोन आकडे, नऊ आणि दोनशे बारा, भलता ईमेल, केवायसीतलं खोटं उत्पन्न. एवढंच.

ब्रोकरचं म्हणणं तीन मुद्द्यांत आलं. एक्स्चेंजकडून रोज संध्याकाळी एसएमएस जात होते, तुम्ही गप्प का. लेजरमध्ये पैसे येत होते ते तुम्ही वापरले. मार्चचं मान्यतापत्र आहे. एसएमएसचा मुद्दा खरोखर जड असतो, म्हणून तुमच्या मोबाइलवर एनएसई-बीएसईचे मेसेज येत असतील आणि ट्रेड तुमचा नसेल तर त्याच दिवशी मेल टाका. काका मेसेज बघायचे आणि त्या मुलाला फोन करायचे, तो सांगायचा सिस्टमचा मेसेज आहे बाबूजी, लक्ष देऊ नका. सुदैवानं एकदा त्यानं हेच व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. तो एक स्क्रीनशॉट नसता तर आमची बाजू अर्धी झाली असती. मान्यतापत्राला आम्ही उत्तर दिलं की ते मार्चचं आहे आणि त्यात ट्रेडची यादीच नाही, काय मान्य केलं ते कुठे लिहिलंय.

आणि हो, इन्कम टॅक्स. दरवर्षी आयटीआर-१ भरणाऱ्या काकांच्या खात्यात इंट्राडेचे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेले, बारा ट्रेड निघाले, ते सट्ट्याचं व्यावसायिक उत्पन्न धरतात, त्यामुळे आयटीआर-३ भरावा लागला. आमच्या ऑफिसातल्या सीए सरांनी फी घेतली नाही, पण काकांना ते लागलं, या वयात मी व्यापारी झालो म्हणाले.

तडजोडीच्या दिवशी

व्हिडिओ कॉलला काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ब्रोकरची पहिली ऑफर अर्ध्या ब्रोकरेजची, चौऱ्याऐंशी हजार, "गुडविल म्हणून". मध्यस्थांनी त्यांना लाल ट्रेडची यादी वाचायला सांगितली, एकेक, ऑर्डर कुठे आहे दाखवा. सातव्या-आठव्या ट्रेडला त्यांनी वेळ मागून घेतला. पुढच्या कॉलला एक लाख साठ हजारांवर आले. आर्बिट्रेशनला गेलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, मला जायचं होतं, काकांनी नको म्हटलं. त्यांचा निर्णय.

सहीच्या कागदावर रक्कम, किती दिवसांत आणि कोणत्या बँक खात्यात येणार ते लिहून घ्या. "पूर्ण आणि अंतिम" असे शब्द त्यात असतातच, म्हणजे त्या काळातल्या व्यवहारांवर नंतर काही मागता येणार नाही, तर काही राहिलं असेल, लाभांश, अडकलेला मार्जिन, प्लेजमधले शेअर, ते त्याच कागदात आणा. आमचे ४० शेअर प्लेजमध्ये राहिले होते, शेवटच्या क्षणी लक्षात आलं.

मग खातं हलवलं. दुसरीकडे डीमॅट उघडून तिथला क्लायंट मास्टर रिपोर्ट, म्हणजे नव्या खात्याच्या तपशिलाचा कागद, घ्यायचा, जुन्या डीपीकडे क्लोजर-कम-ट्रान्सफरचा फॉर्म भरायचा, नाव आणि पॅन दोन्हीकडे सारखं असेल तर शेअर हलवायचा चार्ज पडत नाही. फॉर्म द्यायला मी आणि काका गेलो तेव्हा तो मुलगा काउंटरवरच होता, बाबूजी चाय लेंगे म्हणाला, आणि काकांनी घेतला.